चुन्याची निवळी

उन्हाळा लागला की पळसघाटची शाळा जमिनीखाली भरायची.

चंद्रपूर जिल्ह्याला ऊन नवीन नव्हतं. पण त्या काळात एप्रिल उजाडला की दुपारचा पारा असा काही वर जाऊन बसायचा, की डॉक्टर सरळ सांगत, आता घामावर भरवसा ठेवू नका. घाम येतो आणि लगेच उडून जातो, अंग काही निवत नाही. कूलर गरम वारा फेकत, आणि वीज तर दुपारी जेवायच्या वेळेलाच जायची.

गावाजवळची कोळशाची खाण बंद पडून बरीच वर्षं झाली होती. उन्हाचा ताप मातीत फार खोल उतरत नाही. म्हणून त्या खाणीतल्या एका लांब बोगद्याला सिमेंटचा थर दिला, बाक टाकले, पाण्याची सोय केली आणि त्याला नाव पडलं ‘गार गॅलरी’. दुपारी शाळेतली मुलं उतरणीच्या वाटेने खाली येत आणि ऊन कलल्यावर वर जात.

अडचण एकच होती, हवेची. बाहेरची हवा पंख्याने आत ओढावी, तर तिच्यासोबत ऊनही आत येणार. म्हणून दुपारी गॅलरीची दारं घट्ट लावत. मग आतल्या माणसांनी श्वास कशाचा घ्यायचा? त्यासाठी भिंतीच्या कडेने काचेच्या उंच टाक्या उभ्या केल्या होत्या. त्यांत हिरवंगार पाणी होतं. ते हिरवेपण शेवाळाचं. एका प्रयोगशाळेने शेवाळाची अशी जात तयार केली होती, की साध्या शेवाळाच्या कितीतरी पट वेगाने ती हवा स्वच्छ करायची. वर खाणीच्या तोंडाशी एक उंच मनोरा होता. त्याच्यावरचे आरसे सूर्याचा उजेड गोळा करत आणि केसासारख्या बारीक काचतंतूंमधून तो खाली टाक्यांपर्यंत येई. लहान पंप गॅलरीतली हवा टाक्यांतून बुडबुड्यांच्या रूपाने फिरवत राहायचे. आभाळ आलंच, तर टाक्यांसाठी बॅटरीवर चालणारे लाल दिवे होते.

“बाई, शेवाळ जेवते का?” रितू कोवेने विचारलं. त्या दिवशी खाली फक्त पाचवीचा वर्ग होता, आणि त्यात सगळ्यांत आधी तिचा हात वर व्हायचा.

“जेवतं की. पण बाजारातून काही आणत नाही,” सुगंधा नगराळे म्हणाली. ती या वर्गाला विज्ञान शिकवायची. तिने टाकीच्या काचेवर हात ठेवला. “त्याला दोनच जिन्नस लागतात. एक पाणी. आणि दुसरा, तुम्ही आत्ता नाकातून सोडलात तो कार्बन डायऑक्साइड. पण हे दोन जिन्नस नुसते शेजारी ठेवले, तर हजार वर्षं तसेच राहतील. त्यांना जोडायला जोर लागतो. तो जोर कोणाचा?”

“उजेडाचा!”

“बरोबर. हे जे हिरवं दिसतंय ना, ते हरितद्रव्य. ते उजेड पकडतं. त्या जोरावर पाणी फोडलं जातं. पाण्यातला हायड्रोजन जातो कार्बनच्या घरी, आणि त्यातून साखर तयार होते. ती शेवाळाची भाकर. गवताची, भाताची, मोहाच्या झाडाचीही भाकर तीच. मग पाणी फोडून उरलं काय?”

“ऑक्सिजन!”

“शेवाळाला त्यातला थोडाच लागतो. बाकीचा ते बाहेर टाकून देतं.”

शेवटच्या बाकावरचा सम्यक उभा राहिला. “म्हणजे बाई, आपण त्याचा कचरा ओढून राहिलो?”

“आणि ते आपला,” सुगंधा म्हणाली. वर्ग खदखदून हसला.

“आता मागच्या भिंतीकडे बघा. सिमेंटच्या मागे कोळसा आहे. फार फार जुन्या काळी इथे दलदलीतलं रान होतं. त्या झाडांनी हवेतला कार्बन घेतला, उजेडाच्या जोरावर पानं केली, खोडं केली. ती गाडली गेली, दबली, काळी पडली. म्हणजे ही भिंत जुन्या उन्हाचीच.”

दाराजवळच्या खुर्चीत बसलेले देवाजी खोकल्यातून हसले. “म्हणजे मी जिंदगीभर ऊनच खणलं म्हणतेस? तरीच हात पोळत होते.”

देवाजी सुगंधाचे वडील. सारं गाव त्यांना सरदार म्हणायचं, आणि मुलं आबाजी. खाणीत सरदार म्हणजे टोळीच्या जिवाची जबाबदारी ज्याच्यावर असते तो माणूस. छत ठोकून पाहायचं, वायू तपासायचा, सगळ्यांना आधी बाहेर काढून दिवा विझवायचा आणि शेवटी आपण निघायचं, हे त्याचं काम. कोळशाच्या धुळीने देवाजींची छाती भरली होती आणि चार पावलं चाललं की त्यांना थांबावं लागे. तरी गार गॅलरी सुरू झाली तेव्हा गावाने तिची जबाबदारी त्यांच्याच गळ्यात घातली, अगदी शब्दशः. बॅटरीच्या पेटीची किल्ली काळ्या दोऱ्यात त्यांच्या गळ्यात असायची.

“बाई,” सम्यक अजून उभाच होता, “रात्री ऊन नसते. मग शेवाळ रात्री काय करते?”

“चांगला प्रश्न आहे. रात्री...”

जमीन हादरली.

आधी लांबून गडगडाट आला, मग कोणी लोखंड मोडावं तसा आवाज. टाक्यांमधला उजेड एकदम गेला. दारांच्या फटींतून धुळीचा लोट आत आला आणि पाठोपाठ सगळं शांत झालं. त्या शांततेत एक मुलगी रडायला लागली. क्षणभराने बॅटरीवरचे दिवे आपोआप लागले आणि गॅलरी लालसर उजेडाने भरून गेली.

देवाजी आणि गॅलरीची देखभाल करणारा पोचय्या टॉर्च घेऊन उतरणीच्या वाटेने गेले. परत आले तेव्हा पोचय्याच्या केसांत माती होती.

“वावधान सुटलं वर, मोठं वादळ,” तो म्हणाला. “आरशाचा मनोरा तोंडावर आडवा पडला. त्याच्यासंगं छत खाली आलं. वाट बंद झाली, बाई.”

गॅलरीत जमिनीतून बोलता येईल असा एक फोन होता. पोचय्याने त्यावरून सांगितलं, की सगळी मुलं सुखरूप आहेत. वरून खरखरत उत्तर आलं. मोठी यंत्रं मागवली आहेत. वाट मोकळी करायला फार वेळ लागेल, म्हणून आधी वरून भोक पाडून हवा सोडू. भोक नेमकं गॅलरीवर पडलं पाहिजे, तेव्हा फोन चालू ठेवा, त्याच्यावरून जागा शोधतो.

“किती वेळ लागेल?” सुगंधाने विचारलं.

तिकडून फक्त खरखर आली.

मागचे जुने बोगदे विषारी वायूमुळे विटांनी कायमचे बंद केलेले होते. पुढची वाट आता बंद झाली होती. हवा होती ती या गॅलरीतली, आणि ती पुरवायची होती वर्गभर मुलांना.

देवाजी खुर्चीवरून उठले. दम लागला होता, पण आवाज जुन्या सरदाराचाच निघाला. “पोट्टे हो, आयका. घाबरायचं नाही. मी तुमच्यापेक्षा वाईट जागी अडकून वापस आलो हाय. तीन गोष्टी करायच्या. तोंड बंद. हालचाल बंद. दिवे बंद. जो असा बसून राहते तो वाचते.”

त्यांनी किल्ली फिरवली. लाल उजेड गेला.

खाणीतला अंधार म्हणजे डोळे मिटल्यावरचा अंधार नव्हे. हात डोळ्यांपुढे धरला तरी दिसत नाही, आणि मग हात खरंच आहे का, अशी शंका येते. मुलं गपकन गप्प झाली. फक्त टाक्यांमधले बुडबुडे वाजत होते, गुळुगुळु, गुळुगुळु.

सुगंधा चाचपडत वडिलांपाशी गेली आणि कुजबुजली, “बाबा, टाक्यांचे दिवे लावा.”

“बॅटरी फोनले लागते.”

“दिवे नसले तर शेवाळ हवा करणार नाही.”

“बुडबुडे आयकू येतात ना? पंप चालू ठेवला मी. हवा येऊन राहिली.”

“बुडबुडे म्हणजे हवा नाही बाबा! पंप नुसती इथलीच हवा फिरवतो. ती बदलतो उजेड. आणि अंधारात तर शेवाळ आपल्यासारखाच श्वास घेतं. आपलाच ऑक्सिजन वापरतं, आपल्यासारखाच कार्बन डायऑक्साइड सोडतं. उजेडात ते घेतं त्याच्या कितीतरी पट देतं, म्हणून ते कळत नाही. अंधारात नुसतं घेणं उरतं. आत्ता या टाक्यांत जेवढं शेवाळ आहे ना, ते सगळं आपल्या हवेवर जगतंय.”

सम्यकच्या प्रश्नाचं उत्तर ते होतं. ते असं द्यावं लागेल, हे तिला ठाऊक नव्हतं.

“सुगंधा,” देवाजी म्हणाले, आणि त्या एका हाकेत तिला लहानपणापासून माहीत असलेली भिंत होती. “माझा बाप खाणीत तेलाचा दिवा घेऊन उतरे. तो सांगे, दिवा हवा खाते. आमच्या वेळी छत पडलं, आम्ही दिवे विझवून बसलो. तुझा गणपतकाका माझ्या बाजूले होता. त्याले अंधार सहन नाही झाला. म्हणे, थोडा उजेड पाहिजे, दादा. दिवा लावला, उठला, वाट शोधाले गेला. बाकी सगळे बसले ते वर आले. गणपत नाही आला.”

सुगंधाने ते मनात तोलून पाहिलं. बापाचा हा अनुभव खरा होता, आणि आजोबांचं म्हणणंही. तेलाचा दिवा हवा खातोच. बरं, बॅटरीचं त्यांचं म्हणणंही काही खोटं नव्हतं. दिवे लावले आणि फोन बंद पडला, तर वरचे लोक कुठे भोक पाडणार?

“पोचय्या,” ती म्हणाली, “भिंतीवरचं हवेचं मीटर काय दाखवतं?”

“कोरं झालं, बाई. झटका बसला तवापासून काहीच नाही त्यावर.”

“आमच्या वेळीही मशीन होती,” देवाजी म्हणाले. “ती तर सगळं चांगलं हाय म्हणे.”

ती वर्गापाशी येऊन बसली. तिच्या मांडीवर डोकं ठेवून रितू पडली होती. बऱ्याच वेळाने रितू म्हणाली, “बाई, डोकं ठणकून राहिलं.” मग दुसरं कोणी तेच म्हणालं. कोणी तरी जांभई दिली, आणि ती जांभई बाकांवरून पुढे सरकत गेली. हवा गरम नव्हती, तरी छातीला पुरत नव्हती. कार्बन डायऑक्साइड वाढला की असंच होतं. शरीराला वाटतं आपण धावतोय, आणि आपण तर बसलेलो असतो.

आणि मग तिला वडिलांचा श्वास ऐकू आला. आखूड, शिट्टीसारखा. या गॅलरीत सगळ्यांत आधी हवा संपणार होती ती त्यांच्यासाठी. त्यांनी स्वतःच ती बंद केली होती आणि सरदार म्हणून चुपचाप ताठ बसून होते.

किल्ली त्यांच्या गळ्यात होती. तिने ती ओढून घेतली असती, तर त्या दमलेल्या हातांनी काय अडवलं असतं? पण मग मुलांनी कोणाचं ऐकलं असतं? पुढचे कितीतरी तास त्यांना न हलता बसायचं होतं, आणि ते सरदाराच्या शब्दावर. तो शब्द तिने मुलांसमोर मोडला, तर गॅलरीत उजेड येईल पण धीर जाईल.

ती पुन्हा त्यांच्यापाशी गेली. “बाबा, तुमची डबी द्या.”

“कोणती डबी?”

“चुन्याची.”

“मी तंबाखू सोडली, दोन वर्ष झाले.”

“मागच्या आठवड्यात तुमचा शर्ट मी धुतला.”

अंधारात कुठून तरी खुसखुस झाली. “आबाजी पकडले गेले,” सम्यक कुजबुजला.

“तोंड बंद म्हणलं ना बे!” देवाजी म्हणाले, पण खिशात हात गेला. छोटी पत्र्याची डबी तिच्या तळहातावर आली. “आता चुन्याचं काय करतेस?”

“तुम्हाला मीटर पटत नाही. माझंही पटत नाही. तर नका ऐकू. चुन्याचं ऐका.”

पोचय्याने टॉर्च धरला. तिने पाण्याच्या बाटलीत चुना कालवला, रुमालाच्या घड्यांतून गाळला, पुन्हा गाळला आणि बाटली बाकावर ठेवून दिली. गढूळपणा खाली बसायला वेळ लागत होता. एक मुलगा उलटी करायला कोपऱ्यात गेला. सुगंधाला वाटलं, बाटली हातात घेऊन हलवावी, घाई करावी. पण निवळीला घाई चालत नाही. शेवटी वरचं पाणी काचेसारखं स्वच्छ झालं. ते तिने दोन लहान बाटल्यांत ओतलं.

“ही चुन्याची निवळी,” ती मुलांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. तिचा वर्ग अजून सुटला नव्हता. “हिच्यात कार्बन डायऑक्साइड गेला की ती दुधासारखी होते. वायू चुन्याला चिकटून पांढरा दगड होतो, बारीक पिठासारखा. निवळीला सरदार कळत नाही, की शिक्षिका कळत नाही. आता बाबा, एकच टाकी. फक्त एका टाकीचा दिवा लावा. बाकीच्या राहू द्या.”

किल्लीचा आवाज आला, आणि दाराजवळची टाकी लाल उजेडाने उजळली. अंधारात इतका वेळ घालवलेल्या मुलांच्या तोंडून ‘हा’ असा आवाज निघाला.

टाकीतून बाहेर पडणारी हवा तपासायला पोचय्याकडे सलाईनसारख्या बारीक नळ्या होत्या. थोडा वेळ जाऊ देऊन सुगंधाने एक नळी अंधाऱ्या टाकीच्या तोंडाला लावली, दुसरी उजेडातल्या. दोन्ही नळ्यांची दुसरी टोकं दोन बाटल्यांत बुडवली.

“बुडबुडे दोन्हींत सारखेच आहेत, बाबा. बघा. हवा दोन्हींतून फिरतेय.”

देवाजी वाकले. टॉर्चच्या उजेडात दोन बाटल्या शेजारी होत्या. पहिल्यांदा काहीच झालं नाही. मग अंधाऱ्या टाकीच्या बाटलीत धुकं आल्यासारखं झालं. ते दाट होत गेलं. बघता बघता तिच्या आरपार दिसेनासं झालं. जणू कोणी ताकच ओतलं. उजेडातल्या टाकीची निवळी अजून स्वच्छ होती. तिच्यातून देवाजींना पलीकडे रितूचा चेहरा दिसत होता, घामेजलेला, ओठ जरासे निळसर.

देवाजींनी पांढरी बाटली उचलली, टॉर्चसमोर धरली आणि परत ठेवली.

“हे मी त्यांना पाजून राहिलो होतो,” ते म्हणाले.

“तुम्ही त्यांना शांत बसवलंत. नाहीतर इतकी हवाही उरली नसती.”

त्यांनी गळ्यातला दोरा काढला आणि किल्ली तिच्या हातात ठेवली. सगळ्या टाक्या एकामागून एक उजळल्या. हिरवं पाणी लाल उजेडात काळंभोर दिसत होतं. हिरव्या गोष्टी लाल उजेड गिळून टाकतात, परत काही फेकत नाहीत; म्हणून ते काळं दिसतं. आणि त्या काळ्या पाण्यात, काचेच्या आतल्या बाजूला, हळूहळू बारीक मोत्यांसारखे नवे बुडबुडे चिकटू लागले. ते पंपाचे नव्हते.

“आता फोनचं काय?” पोचय्या म्हणाला. “दोन्ही चालवलं तर बॅटरी टिकत नाही, बाई. लवकर बसते.”

उत्तर देवाजींकडे होतं.

“वरती शेवटचं सांगून टाक,” ते म्हणाले. “म्हण, फोन बंद करून राहिलो. पाइप आयका.”

गॅलरीच्या भिंतीने जुना लोखंडी पाण्याचा पाइप वर पंपघरापर्यंत गेलेला होता. त्यातून कित्येक वर्षं पाणी वाहिलं नव्हतं. पण लोखंडातून आवाज वाहतो. खाणीत अडकलेल्या माणसाचा तो जुना टेलिफोन. ठोके, थोडं थांबणं, पुन्हा ठोके. थांबण्यावरून वरच्याला कळतं की हा दगड पडण्याचा आवाज नाही, माणूस आहे. आणि ठोक्याच्या जोरावरून पाइपाला कान लावून माणसं जागा शोधतात.

देवाजींनी हातोडी घेतली. पाच ठोके मारले आणि भिंतीला टेकले. छाती भात्यासारखी चालली होती.

“द्या इकडे,” सुगंधा म्हणाली.

“ताल चुकेल.”

“मग तुम्ही ताल धरा. ठोकेल दुसरं कोणी तरी.”

तिने त्यांना दाराजवळच्या टाकीपाशी नेऊन बसवलं आणि टाकीच्या तोंडाची नळी त्यांच्या नाकाशी धरली. त्या नळीतून येणारी हवा गॅलरीतल्या हवेपेक्षा चांगली होती, कारण ती नुकतीच उजेडातून आली होती. थोड्या वेळाने शिट्टी कमी झाली. मग त्यांनी हात वर केला आणि बोटांनी ताल धरला. सम्यकने हातोडी मारली. त्याच्यानंतर रितूने. ज्याची पाळी तो उठायचा, बाकीचे आडवे पडून राहायचे, तोंड बंद, हालचाल बंद. सरदाराच्या तीन नियमांपैकी दोन तसेच होते.

किती वेळ गेला हे कोणाला नीट सांगता आलं नसतं. डोकं दुखणं आधी थांबलं नाही, पण वाढलंही नाही. मग हळूहळू उतरलं. एका मुलीने भूक लागली म्हणून तक्रार केली, तेव्हा सुगंधाला इतकं बरं वाटलं, की तिने तिला मिठीच मारली. मधूनमधून ती निवळीची नवी बाटली भरून गॅलरीतली हवा तिच्यातून सोडायची. निवळी पांढरी होत होती, पण आता धुकं धरायला आधीपेक्षा फार उशीर लागत होता.

मग दिवे मंद व्हायला लागले.

पोचय्याने बॅटरीच्या काट्यावर टॉर्च मारला आणि तो विझवला. सुगंधाने लांबच्या टाक्या बंद केल्या. थोड्या वेळाने आणखी काही. प्रत्येक टाकी बंद करताना तिला माहीत होतं, की आता ती टाकी आपल्यासाठी काम करणारी राहिली नाही, आपल्या हवेतली वाटेकरी झाली. म्हणून बंद केलेल्या टाकीचा पंपही ती बंद करत होती. शेवटी दाराजवळची एकच टाकी उरली. सगळी मुलं सरकून तिच्याभोवती आली, जशी थंडीत शेकोटीभोवती येतात.

“बाबा,” ती हळू म्हणाली, “ही गेली तर...”

“पोट्ट्यांसमोर नको.” त्यांनी बोट उचललं. “सम्यक. ठोक.”

सम्यकने ठोकलं. थांबला. पुन्हा ठोकलं. थांबला.

त्या थांबण्यात पाइप वाजला.

सम्यकच्या हातातून हातोडी पडली. “मी नाही वाजवलं! आबाजी, मी नाही!”

“माहीत हाय बे,” देवाजी म्हणाले. “उत्तर दे. लवकर उत्तर दे.”

त्यानंतर आवाज छतात आला, करकर, करकर, दात शिवशिवावेत असा. सगळ्यांना भिंतीकडे सरकवलं. सिमेंटचा तुकडा निघाला, माती पडली आणि मुठीएवढ्या भोकातून वाऱ्याचा झोत खाली आला. गरम होता, धुळीचा होता, आणि मुलं तोंडं वर करून त्याच्याखाली उभी राहिली. त्याच भोकातून पुढे विजेची केबल उतरली. पोचय्याने ती जोडली. टाक्या पुन्हा उजळल्या, सगळ्या.

उतरणीची वाट मोकळी झाली तेव्हा वर पहाट होत होती. मुलांना एकेक करून नेलं. रितूने जाताना दोन्ही बाटल्या उचलल्या, पांढरीही आणि स्वच्छही. मग पोचय्या गेला. सम्यक मात्र दारात रेंगाळला. सरदार शेवटी निघतो हे त्याला ठाऊक होतं, आणि त्याला ते बघायचं होतं.

सुगंधाने किल्ली वडिलांना परत दिली. “चला, बाबा.”

देवाजी पेटीपाशी गेले. त्यांनी गॅलरीकडे एकदा पाहिलं: रिकामे बाक, सांडलेला चुना, आणि भिंतीच्या कडेने उभ्या असलेल्या टाक्या. किल्लीवर त्यांचा हात थोडा वेळ थांबला. मग त्यांनी दोरा गळ्यात घातला आणि मुलीच्या खांद्यावर हात ठेवून चढ चढायला लागले, चार पावलं, थांबणं, चार पावलं.

सम्यक मागे वळून बघत होता. लाल उजेड वाटेत लांबपर्यंत येत होता.

“आबाजी,” तो म्हणाला, “दिवा विझवायचा राहिला.”

“राहिला नाही बे,” देवाजी म्हणाले. “ठेवला.”